गुलाबाच्या चौकटीतलं ग्रंथालय

मी ग्रंथपाल होते असं सांगितलं की लोक एकच वाक्य बोलतात. ‘मजा आहे, दिवसभर वाचत बसायचं.’ अशा माणसाशी मी वाद घालत नाही. हलवाई दिवसभर पेढे खातो असं समजणाऱ्याला कोण समजावणार? पण या अंकाच्या संपादकांनीही मला बोलावताना तेच म्हटलं, तेव्हा ठरवलं की एकदाचं लिहून टाकावं, आम्ही दिवसभर काय करतो ते.

नेमणूक, बदली, बढती, निरोप समारंभ हे सगळं सेवापुस्तकात आहे आणि ते मलासुद्धा वाचवत नाही. सुरुवात धुळ्यातल्या एका कॉलेजात झाली, शेवट जळगावातल्या एका नव्या विद्यापीठात झाला, एवढं पुरे. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. नव्या मुलांना ग्रंथालय समजावून सांगण्यासाठी आम्ही एक ऑनलाइन मार्गदर्शिका केली आणि त्यापायी एका मुलीचं कॉलेज सुटायची वेळ आली, त्याची ही हकिगत. तशी ती बरीचशी हसण्यासारखीच आहे. मधला आठवडाभर मात्र मला हसू आलं नव्हतं.

आधी थोडं धंद्याचं. धुळ्याच्या कॉलेजात पुस्तकं जाळीच्या आत आणि मुलं जाळीच्या बाहेर, अशी व्यवस्था होती. मुलांनी चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायचं, आत सरकवायची, शिपाई पुस्तक शोधून आणणार. मुलांना पुस्तकांची नावं माहीत असतात असं या व्यवस्थेनं धरून चाललेलं होतं. ती कुठून माहीत असणार? चिठ्ठीवर ‘जाड नको’ असं लिहिणारे होते, ‘परीक्षेला येईल ते’ असं लिहिणारे होते. साक्रीकडच्या एका मुलानं नुसतं ‘इतिहास’ लिहिलं. चिठ्ठी परत गेली, वर शेरा, ‘नाव लिहा’. दुसऱ्या दिवशी त्यानं बिचाऱ्यानं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, सगळं सुवाच्य अक्षरात लिहून आणलं. आम्ही आत खूप हसलो. तो परत काही आला नाही. मला त्या हसण्याचं अजून वाईट वाटतं.

जळगावला आले तेव्हा इथं मुक्तद्वार होतं. म्हणजे जाळी नाही, चिठ्ठी नाही, मुलांनी थेट फळ्यांपर्यंत जायचं, हवं ते पुस्तक काढायचं. मला वाटलं, सुटलो. पण पहिल्या वर्षाची मुलं दारातच थबकायची. चपला बाहेर काढून आत येणारे दरवर्षी निघायचेच. कितीतरी मुलं काउंटरपुढं हात मागे बांधून उभी राहायची आणि ‘काय हवंय?’ विचारलं की ‘काही नाही मॅडम’ म्हणून निघून जायची. म्हणून मी दर जुलै-ऑगस्टात त्यांना गटागटानं फिरवून सगळं दाखवायचे. पुस्तकाच्या कण्यावर चिकटवलेला आकडा म्हणजे वर्गांक, तो त्या पुस्तकाचा पत्ता, घर नंबरासारखा. हे मी इतक्या वेळा बोलले आहे की झोपेत उठवलं तरी बोलेन. फेरी संपली की मुलं दोन प्रश्न विचारायची. पुस्तक किती दिवस ठेवता येतं, आणि वायफायचा पासवर्ड काय.

खरी गंमत पुढं व्हायची. आमच्याकडची मुलं, विशेषतः मुली, घरच्या वळणाच्या. घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची, नीट लावून ठेवायची, हे अंगात भिनलेलं. तर त्या पुस्तक वाचून झालं की परत फळीवर ठेवायच्या, आणि ठेवताना त्यांना ती फळी बघवायची नाही. उंच पुस्तकाशेजारी बुटकं, त्याच्याशेजारी पुन्हा उंच. मग त्या पूर्ण फळी लावून काढायच्या, उंचीप्रमाणे. घरात मांडणीवर स्टीलचे डबे लावतात तशी. एकदा मी सकाळी येऊन बघते तर रसायनशास्त्र, मोगलांचा इतिहास आणि कुक्कुटपालन एका ओळीत, उंचीनं इतकी सुरेख उतरत गेलेली की मोडवेना. पण आमच्या धंद्यात चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक. ते चोरीला गेलं असतं तर निदान नवं मागवता आलं असतं. हे इथंच असतं आणि सापडत नाही. म्हणून प्रत्येक ग्रंथालयात एक नियम असतो, वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच सोडा, आम्ही लावू. तो नियम माझ्या मुलींच्या गळी उतरायला तयार नव्हता. ‘मॅडम, तसंच पसरून जायचं?’ असं त्या विचारायच्या, आणि विचारताना त्यांचा चेहरा मी काही अमंगळ बोलल्यासारखा व्हायचा.

मग करोनाची दोन वर्षं गेली आणि आमच्या कुलसचिवांच्या मनानं घेतलं की जे काही आहे ते ऑनलाइन पाहिजे. मी आधी एक लिखित मार्गदर्शिका करून संकेतस्थळावर टाकली होती. सगळं होतं तिच्यात. ती कोणी उघडत नव्हतं, कारण मीसुद्धा ती दुसऱ्यांदा उघडली नसती. कुलसचिव म्हणाले, व्हिडिओ करा, छोटा, मोबाइलवर बघता येईल असा. पुण्याच्या एका कंपनीला फोन केला तर त्यांच्याकडे आमचा नंबर पुढच्या वर्षी लागणार होता. वर्ग तर पंधरवड्यावर आलेले. तेव्हा आमच्या कार्यालयातल्या कोणीतरी भटूचं नाव सुचवलं.

भटू एरंडोलचा, बोलणं अहिराणी. लग्नाचे व्हिडिओ करणारा. जळगाव-एरंडोल-धरणगाव या टापूतली निम्मी लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून गेलेली असतील. आषाढ लागला की मुहूर्त संपतात, म्हणून तो मोकळा होता. व्हॅनमधून दिवे, पांढऱ्या छत्र्या, तिपाया असा सरंजाम घेऊन तो आला, ग्रंथालयभर एक चक्कर मारली आणि मला म्हणाला, “अक्का, मुख्य मानूस कोन शे तेवढं सांगा. बाकीनं मी देखी लिसू.”

मी म्हटलं, “मुख्य माणूस कोणी नाही. पुस्तक मुख्य.”

“पुस्तकले नटाडता येत नई ना अक्का,” तो म्हणाला. नटवता येत नाही, ही त्याची खरी अडचण होती.

तरी त्यानं बाजू सांभाळली. शब्दकोशाला फिरत्या पाटावर ठेवून दिव्यांत न्हाऊ घातलं. माझा प्रवेश दारातून घेतला, पदर उडावा म्हणून खालून टेबलफॅन लावून. वाचनकक्षात मी मुलांना सांगितलं की शूटिंग आहे, कोणाला चालणार नसेल त्यानं थोडा वेळ बाहेर बसावं. कोणी उठलं नाही. खिडकीजवळच्या टेबलावर भाग्यश्री होती.

भाग्यश्रीबद्दल सांगितलं पाहिजे. असोद्याची मुलगी, घरी केळीची शेती, शास्त्र शाखेच्या पहिल्या वर्षाला. प्रवेश झाल्याबरोबर, वर्ग सुरू व्हायच्या आधीच ती ग्रंथालयात आली होती आणि माझ्या टेबलाशी येऊन तिनं विचारलं होतं, “मॅडम, इथं संध्याकाळपर्यंत बसायला परवानगी कोणाची लागते?” मी म्हटलं, “कोणाची नाही. खुर्ची रिकामी पाहिजे.” हे तिला इतकं आवडलं की ती रोज यायला लागली आणि असोद्याची शेवटची बस असेपर्यंत बसायला लागली. तिच्या घरी अभ्यासाला जागा नव्हती असं नाही, पण घरी बसलेली मुलगी रिकामीच आहे असं घरातल्या प्रत्येकाला वाटतं, हे ती हसत सांगायची. मला ती मुलगी आवडायची, उगाच आडपडदा कशाला ठेवू.

चार दिवसांत भटूनं व्हिडिओ करून आणला. मी, कुलसचिव आणि आमचा सगळा कर्मचारीवर्ग बघायला जमलो. सुरुवातीलाच सनई. मग आमचं ग्रंथालय, गुलाबाच्या फुलांच्या चौकटीत. मी दारातून येते, सावकाश, पदर उडतो आहे, वरून पाकळ्या पडताहेत. पाकळ्यांतून वर्गांक येतो. संगणकावर पुस्तक कसं शोधायचं ते एक मुलगा दाखवतो, त्याच्यावरही गुलाब. शेवटी ‘आपले स्नेहांकित, ग्रंथालय परिवार’ असं सोनेरी अक्षरांत. आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मी म्हटलं, भटू, हे काढ. कुलसचिव म्हणाले, “राहू द्या मॅडम, पोरं बघतील तरी.” माहिती सगळी बरोबर होती, आवाज माझा होता, आणि खरं सांगायचं तर तो पदर मला बरा दिसत होता. राहू दिलं.

व्हिडिओ प्रवेश अर्जांवरच्या सगळ्या नंबरांना पाठवला गेला. आणि इथं आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नाही ती गोष्ट झाली. प्रवेश अर्जावर मुलाचा नंबर कोण लिहितं? शिष्यवृत्तीचा निरोप येतो, बँकेचा येतो, तो घरच्या कर्त्या माणसाकडेच आला पाहिजे. म्हणून आमच्याकडे अर्जावर नंबर असतो वडिलांचा, नाहीतर काकांचा, नाहीतर थोरल्या भावाचा. नव्या विद्यार्थ्यांसाठी केलेली आमची मार्गदर्शिका एकाही नव्या विद्यार्थ्याला गेली नाही. ती गेली केळीच्या बागेत, कापसाच्या शेतात, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर आणि ट्रकच्या केबिनमध्ये.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून ग्रंथालयाचा फोन वाजायला लागला. पहिला फोन एका बापाचा होता, त्यांनी विचारलं की लग्न कोणाचं आहे आणि तारीख का दिली नाही. पाचोऱ्याकडून एक आजोबा बोलले, त्यांना संगणकावर पुस्तक शोधायची रीत पटली होती, घरी बसून शोधता येईल का म्हणाले. येतं, म्हटलं, आणि त्यांना फोनवर सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत माझं वर्गांकाचं पुराण मन लावून ऐकणारा तो पहिला माणूस. बाजारपेठेतले एक कापडवाले शेठजी, राजस्थानातून आलेल्या घराण्यातले, मुलगी आमच्याकडे वाणिज्य शाखेला, ते स्वतः चालत आले. मला म्हणाले, “मॅडम, तुमचा माल चांगला आहे, मांडलाही चांगला आहे. पण रविवारी बंद का? गिऱ्हाईक रविवारीच मोकळं असतं.” पुढं खटपट करून रविवारची सकाळ आम्ही सुरू केली आणि ती आजही गजबजलेली असते. त्या सुधारणेचं श्रेय अहवालात समितीला दिलं आहे, म्हणून इथं शेठजींना देते.

आणि आयांचे फोन. त्यांनी एकच वाक्य पकडलं होतं. ‘वाचून झालेलं पुस्तक टेबलावर तसंच सोडून द्या.’ भुसावळच्या एक बाई खूप शांतपणे बोलल्या. म्हणाल्या, “बाई, आम्ही अठरा वर्सं पोरीले आवरायले शिकोलं. तुम्ही चार मिन्टांत सगळं पान्यात घातलं.” मी त्यांना डब्यांची मांडणी, वर्गांक, हरवलेलं पुस्तक असं सगळं समजावलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “मंग तुमच्या पुस्तकाईले उंचीनंच नंबर देता येत नाही का?” या प्रश्नानं माझ्या विषयाचा पायाच हलला असता, म्हणून मी चहा उतू जातोय असं सांगून फोन ठेवला.

आठवडाभर असं चाललं होतं आणि मी मजेत होते. एका सकाळी लक्षात आलं की खिडकीजवळची खुर्ची बरेच दिवस रिकामी आहे. भाग्यश्रीबरोबर त्याच बसनं येणारी एक मुलगी होती, तिला विचारलं. तिनं आधी आजूबाजूला बघितलं. मग म्हणाली, “मॅडम, तिच्या आप्पांनी तिचं कॉलेज बंद केलं. तो व्हिडिओ पाहिला ना त्यांनी.”

मी माझ्या खोलीत जाऊन व्हिडिओ पुन्हा लावला. वाचनकक्ष. खिडकीजवळ भाग्यश्री मान खाली घालून लिहिते आहे. चोपड्याचा एक मुलगा येतो, तिच्या खुर्चीमागच्या प्लगमध्ये मोबाइलचा चार्जर लावायला वाकतो. ती बाजूला होते, वर बघते. बस, एवढंच घडलेलं. पण भटूनं ते सावकाश केलं होतं. ती वर बघते आहे ते बघतच राहते. तो वाकतो आहे तो वाकतच राहतो. पाकळ्या पडतात, सनई वर चढते आणि दोघांभोवती गुलाबाची चौकट येते. पहिल्यांदा बघताना याच जागी आम्ही सगळ्यात जास्त हसलो होतो. आता मी व्हिडिओ तिथंच थांबवला. असोद्यात हे घरोघरी पोचलं असणार. त्या गावातून आमच्याकडे येणारी मुलं काय थोडी होती?

भटूला फोन केला. तो तासाभरात हजर झाला. मी इतकी चिडले होते की काय काय बोलले ते आठवत नाही. माझं बोलून झाल्यावर तो म्हणाला, “अक्का, चुकी मन्ही शे. चला, मी येस तुमनासंगे.” निघण्याआधी मी त्याच्याकडून तो तुकडा पूर्ण काढवून घेतला. भाग्यश्रीच्या जागी नुसत्या रिकाम्या टेबलांचं चित्र टाकलं. नवा व्हिडिओ लॅपटॉपवर घेऊन आम्ही त्याच्या व्हॅनमधून असोद्याला निघालो. मला वाटत होतं की तोडगा माझ्या मांडीवरच आहे.

भाग्यश्रीचे वडील सुधाकरभाऊ बागेतून नुकतेच आलेले होते, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग. ओट्यावर सतरंजी टाकली गेली. तिच्या आईनं पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेली. सुधाकरभाऊ तोडून बोलतील असं मी धरून चालले होते. ते तसे बोलले असते तर बरं झालं असतं. ते फार मऊ आवाजात बोलले.

“मॅडम, माझ्या पोरीवर माझा भरोसा हाये. ते पोरगं चार्जर लावत व्हतं हे मले दिसतं. पन लोकाईले काय सांगू? सोसायटीत गेलो का इचारतात, भाऊ, पत्रिका कधी धाडता. हसतात. मी कोनाकोनाचं तोंड धरू?”

मी माफी मागितली. विद्यापीठाच्या वतीनं मागितली आणि माझ्या वतीनं वेगळी मागितली. भटू इतका वेळ खाली बघत बसला होता. त्यानं लॅपटॉप पुढं ओढला.

“भाऊ, हाऊ गुलाब मी बठ्ठास्वर टाकस. मन्हा हातले सवय पडी जायेल शे. देखा, तुमना पुतण्यानं लगीन मीच करेल व्हतं.”

गुलाब सगळ्यांवरच असतो हे दाखवायला त्यानं पुतण्याचं मागच्या वर्षीचं लग्न पडद्यावर लावलं. याच गल्लीतलं. सनई सुरू झाली आणि पडद्यावर दस्तुरखुद्द सुधाकरभाऊ आले, फेटा बांधलेले. समोरून बँडचा मास्तर येतो. भाऊ त्याला काहीतरी सांगायला त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. सावकाश. मास्तर त्यांच्याकडे बघतो. सावकाश. पाकळ्या पडतात आणि भाऊ आणि बँड मास्तर गुलाबाच्या चौकटीत एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहतात. त्यानंतर चौकटीत आचारी आणि त्याचा झारा, मग कोणाची तरी म्हैस.

हसण्याचा पहिला आवाज दारातून आला. भाग्यश्रीची आई चहाचा ट्रे धरून उभी होती आणि तिला तो धरवत नव्हता. शेजारच्या ओट्यावरून दोघंतिघं कशाचं हसणं म्हणून आले आणि त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. भाऊसुद्धा हसले, पण बेतानं. हसून झाल्यावर ते परत होते तिथंच आले. म्हणाले, “हे ठीक हाये. पन मी बाप्या मानूस. माझं कोन काय म्हनीन?”

ते खरं होतं. मी म्हटलं, “भाऊ, काळजी करू नका. आम्ही भाग्यश्रीला काढून टाकलंय. हा नवा व्हिडिओ आजच सगळीकडे पाठवतो. यात ती कुठं दिसणार नाही.”

भाऊंचा चेहरा सैल झाला. “बरं केलं,” ते म्हणाले.

“मला काढू नका.”

भाग्यश्री आईच्या मागे, आतल्या दाराशी होती. आम्ही आल्यापासून ती तिथं होती आणि इतका वेळ तिला कोणी काही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ती पुढं आली. माझ्याशी बोलायला सुरुवात केली, पण बोलली वडिलांशीच.

“आप्पा, मले काढलं तं लोकं म्हनतीन, काही व्हतं म्हनूनच काढलं. मी काय केलं? मी तिथं बसेल व्हती, लिहीत व्हती. तेच दिसू द्या. मले कायले लपोता?”

भटूनं लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. मी इतकी वर्षं मुलांना शहाणपण शिकवत आले, पण ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी ते चित्र पुसायला निघाले होते आणि पुसताना तिच्या अंगावर डाग ठेवून जाणार होते.

सुधाकरभाऊ तिच्याकडे वळले. मग त्यांनी विचारलं, “काय लिहीत व्हती?”

“गनित.”

“तुले तं गनित येत नही.”

“म्हनून तं बसत व्हती.”

भाऊंनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. हे अगदी खरं होतं, गणिताच्या पुस्तकांच्या फळीजवळ ती जी घुटमळायची ते मी पाहिलेलं होतं.

“मंग तं बसाच लागीन,” ते म्हणाले.

भटूनं तिथंच ओट्यावर काम सुरू केलं. जुना तुकडा परत आणला. गुलाब काढला, पाकळ्या काढल्या, सनई बंद केली आणि वेग होता तसा केला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. भाग्यश्री लिहिते आहे. मुलगा येतो, चार्जर लावतो, जातो. भाग्यश्री लिहिते आहे. इतकं चटकन झालं की शेजारचे एक काका, “कुठी गेलं?” म्हणून विचारायला लागले.

“येवढंच?” भाऊ म्हणाले.

“एवढंच, भाऊ,” मी म्हटलं.

“मंग हे धाडा माझ्या फोनवर.”

भटूनं पाठवलं. भाऊंनी चष्मा लावला, फोन गुडघ्यावर ठेवला आणि एका बोटानं काहीतरी लिहायला लागले. मला वाटलं, घरातल्या कोणाला तरी पाठवताहेत. लिहून झाल्यावर त्यांनी फोन माझ्यापुढं धरला, शुद्धलेखन तपासायला मास्तरीणबाईंपुढं पाटी धरावी तसा. त्यांच्या भाऊबंदांचा आणि अर्ध्या गावाचा मिळून जो व्हॉट्सॲप गट होता, त्यावर टाकायला त्यांनी व्हिडिओ जोडलेला होता. वर लिहिलं होतं, ‘ही माझी मुलगी भाग्यश्री. जळगावच्या लायब्ररीत गणिताचा अभ्यास करते. सर्वांनी पाहावे.’

मी म्हटलं, काही चूक नाही. त्यांनी बोट दाबलं. थोड्याच वेळात फोन किणकिणायला लागला, एकामागून एक. भाऊंनी तो उलटा करून सतरंजीवर ठेवून दिला आणि चहाचा कप उचलला.

“सकायची बस कोनती तुही?” त्यांनी मुलीला विचारलं.

“साडेआठची.”

“आन् येताना?”

भाग्यश्रीनं माझ्याकडे बघितलं नाही, आईकडेही बघितलं नाही. “शेवटची,” ती म्हणाली.

फोन वाजतच होता. भाऊंनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “बरं. मी ष्टँडवर येत जाईन घ्यायले.”